वाचकांचे प्रश्न : लिव्हरपूलची तार

प्रश्न : कापसाच्या जुन्या व्यवहारात ‘लिव्हरपूलची तार’ हा शब्द सारखा येतो. तारेमुळे खानदेशच्या बाजारात नेमके काय बदलले? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : भाव कळायला लागणारा वेळ बदलला, पण सगळ्यांचा सारखा नाही. खरी गोम तिथेच आहे.

आधी लिव्हरपूलचा, म्हणजे इंग्लंडातल्या कापसाच्या मोठ्या बाजाराचा, भाव सुएझमार्गे टपालाने मुंबईत पोचायला साधारण महिना लागे. 1865 मध्ये इराणच्या आखातातून कराचीपर्यंत तार आली. मात्र तुर्की मुलखातल्या तारवाल्यांना इंग्रजी धड येत नसे. निरोप कित्येक दिवस रखडत आणि पोचत तेव्हा शब्दांचे कडबोळे झालेले असे. 1870 मध्ये मुंबई–एडन–सुएझ ही समुद्रातली तार सुरू झाली आणि महिन्याचे काम तासांवर आले.

आता हिशेब बघा. लिव्हरपूलचा भाव पौंडाला (वजनाच्या) पेनीत, मुंबईचा खंडीला रुपयांत. कापसाची खंडी 784 पौंड वजनाची. 15 रुपयांना एक पौंड स्टर्लिंग (म्हणजे 240 पेनी) या दराने पेनीचा फरक म्हणजे खंडीमागे 49 रुपये, आणि पेनीचा सोळावा भाग म्हणजे 3 रुपये 1 आणा. एवढ्याशा हालचालीसाठीही तार परवडे, पण ती पेढीवाल्याला. रात्री गाडी जुंपून सकाळी जळगावच्या बाजारात उतरलेल्या शेतकऱ्याला भाव कळायचा तो अडत्याच्या तोंडून. शिवाय तार इंग्रजीत. भाव उतरला की ती लगेच वाचून दाखवली जाई. चढला, तर तेवढी घाई कशाला?

प्रश्न : तारेत आकडे अक्षरी का लिहीत?

उत्तर : मोर्सच्या लिपीत 6 म्हणजे एक लांब ठोका आणि चार आखूड, 5 म्हणजे पाचही आखूड. पहिला ठोका जरा आखूड वाजला की सहाचे पाच झाले, म्हणजे खंडीला 49 रुपयांचा फटका. शब्दातले एखादे अक्षर चुकले तरी अर्थ लागतो. एकट्या आकड्याला तो आधार नाही. जादा पैसे भरून निरोप उलट मागवून ताडून घ्यायचीही सोय होती.

पावसाळ्यात चुका जास्त. खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर भिजले की प्रत्येक खांबापाशी थोडा विद्युतप्रवाह जमिनीत झिरपतो. शेवटच्या ठाण्यावर तो इतका क्षीण पोचतो की रिलेची (निरोप टिपणाऱ्या विद्युतचुंबकाची) पट्टी ओढली जात नाही आणि आखूड ठोके गळतात. तारमास्तर मग पट्टीची स्प्रिंग सैल करी. पाऊस उघडल्यावर ती पुन्हा ताणायची राहिली, तर पट्टी वेळेवर सुटत नाही आणि दोन आखूड ठोके मिळून एक लांब ऐकू येतो.