धुऱ्यावरचे साग आणि कार्बनचा सातबारा

प्रश्न: आमच्या गावात एक एजंट येऊन गेला. धुऱ्यावरच्या सागाचे अन् बांबूचे कार्बन क्रेडिट विदेशात विकून देतो म्हणते, सही मागते. सरकारची काही रजिस्ट्री बी येऊन रायली म्हणे. ते काय असते, अन् आपल्या कामाचं हाय का?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर: भाऊ, आधी सही थांबवा, मग पुढचं वाचा.

रजिस्ट्री म्हणजे कार्बनचा सातबाराच समजा. एक क्रेडिट म्हणजे हवेत जाऊ न दिलेला किंवा झाडानं शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, अन् प्रत्येक क्रेडिटला स्वतःचा नंबर, त्यावरून कळते की कोणत्या देशातलं, कोणत्या प्रकल्पातलं, कोणत्या वर्षाचं. विकलं की फेरफार होऊन दुसऱ्याच्या खात्यावर जाते, वापरलं की कायमचं रद्द.

आता देशाची रजिस्ट्री कायले पाहिजे? तर 2015 च्या पॅरिस कराराच्या कलम 6 मध्ये एका देशाने कमी केलेला धूर दुसरा देश विकत घेऊन आपल्या हिशेबात धरू शकतो, पण मग विकणाऱ्याने तेवढे टन आपल्या हिशेबात परत चढवायचे. आपण कापसाची एकच गाडी दोन जिनिंगच्या काट्यावर दाखवून दोन पट्ट्या घेतल्या तर चालंल का? तसंच आहे हे. भारतानं विकलं, जपाननं घेतलं अन् दोघांनीही मोजलं तर हवेतला धूर तेवढाच राहते, फक्त कागद वाढते.

आणि हे नुसतं भ्या दाखवणं नाही. 2010 मध्ये हंगेरीनं एकदा वापरून झालेले क्रेडिट विकले अन् ते फिरून युरोपच्याच बाजारात आले. 2011 च्या जानेवारीत तर झेक देशात प्रागमधल्या रजिस्ट्रीच्या ऑफिसला बॉम्बची धमकी आली, ऑफिस रिकामं झालं अन् इकडे खात्यातून कार्बनचे परवाने (म्हणजे तेवढा धूर सोडायची मुभा) चोरीला गेले, युरोपला व्यवहार बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्या देशांची दप्तरं एका रजिस्ट्रीत आणली. म्हणून मला वाटते, बाजार उशिरा सुरू झाला तरी चालंल, पण दप्तर पक्कं पाहिजे.

आपल्याकडे 2022 मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा बदलला, 2023 मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना आली. दप्तर सांभाळायचं काम ग्रिड इंडियाकडे, जे देशाची वीज ग्रिड चालवतात तेच.

आता तुमचे साग. कलम 6 खाली विदेशात काय विकता येईल याची यादी केंद्रानं 2023 मध्ये काढली, त्यात ग्रीन हायड्रोजन, कॉम्प्रेस्ड बायोगॅस, समुद्रातली पवनऊर्जा असं होतं, धुऱ्यावरची झाडं नव्हती. झाडांचे क्रेडिट सहसा व्हेरासारख्या खासगी रजिस्ट्रीतून निघतात, ते सगळंच खोटं नसते पण हा बाजार वेगळा. तिथला प्रकल्प नंबर घरच्या मोबाईलवर कोणालाही पाहता येते, एजंटाला तोच आधी मागा.

शेजारच्या गावातल्या एका भावानं मला असाच करार दाखवला होता. सगळा इंग्रजीत, गट नंबर पेनानं घातलेला, अन् किती वर्षं बांधील राहायचं ती जागा कोरी. खाली त्याची सही. साग तोडायचा हक्क कोणाचा राहील हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, अन् पोरीच्या लग्नाला तोच साग काढायचा होता त्याला.

तर करार मराठीत मागा, वर्षं अन् तोडीचा हक्क लिहून घ्या, एक प्रत घरी ठेवा. कोऱ्या जागेवर सही देऊ नका.