व्हीलचेअर घेण्याआधी भावाचं आणि घराचं माप घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की अपघातात भावाच्या मणक्याला मार लागलाय, कमरेखाली ताकद नाही, पण हात ठणठणीत आहेत. मामा इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेऊन द्यायला तयार आहेत, तर शेजारी म्हणतात शिबिरात फुकट मिळतेय, पैसे कशाला घालवता. दोन्हीपैकी काय घ्यावं?

माझं मत, आत्ता दोन्ही नको. प्रश्नात मामा आहेत, शेजारी आहेत, पण भाऊ काय म्हणतो ते कुठेच नाही. 1993 साली अमेरिकेत फिलिप्स आणि झाओ यांनी 227 जणांचा अभ्यास केला, तेव्हा व्हीलचेअरसारखी 29.3 टक्के सहाय्यक साधनं वापरणं लोकांनी सोडून दिलेलं आढळलं. कारणांमध्ये वापरणाऱ्याचं मत न विचारणं होतंच, शिवाय साधन फार सहजासहजी मिळणं हेही होतं! म्हणजे दुकानात गेलो, दिसली ती उचलली, असा प्रकार. शिबिरं वाईट नसतात, माप घेऊन देणारीही असतात. पण अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतून एकदा साधन घेतलं की तेच पुन्हा मिळायला मोठ्या माणसाला तीन वर्षं थांबावं लागतं. चुकीचं गळ्यात पडलं तर तेवढा काळ तेच.

हात चांगले असतील तर स्वतः ढकलायची, मापाची, हलकी व्हीलचेअर बघा. बसल्यावर मांडी आणि बाजूची पट्टी यांत तळहात जेमतेम सरकावा, गुडघ्यामागे सीटच्या कडेपर्यंत दोन-तीन बोटं जागा राहावी. सीट रुंद असली तर माणूस एका अंगावर कलतो आणि चाकापर्यंत हात पोचवायला खांदे फाकवावे लागतात. या लोकांचे खांदे म्हणजेच पाय, ते जपायला हवेत.

खुर्चीइतकंच महत्त्व सीटवरच्या गादीला. संवेदना नसल्याने बेडसोर, म्हणजे सतत दाबामुळे होणारी जखम, होतोय हे त्याला कळणारच नाही. दाब कमी करायला हातांवर जोर देऊन स्वतःला दोन-चार सेकंद उचलून घेणं पुरत नाही; दबलेल्या कातडीला ऑक्सिजन पुरेसा परत मिळायला सुमारे दोन मिनिटं लागतात, हे मोजून पाहिलेलं आहे. त्यापेक्षा पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवायची किंवा एका बाजूला कलायचं, तेही थेरपिस्टने शिकवल्यावर. रात्री आरसा धरून माकडहाड आणि बसायची हाडं रोज बघा. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर त्या जागेवर बसवू नका आणि डॉक्टरांना दाखवा.

आता घर. जुन्या सोसायट्यांत बाथरूमचं दार हाच खरा अडसर. दार उघडल्यावर त्याची फळी चौकटीत जेवढी जागा अडवते ती वगळून उरलेली मोकळी रुंदी मोजा. तीच गोष्ट लिफ्टची. खाली दोन पायऱ्या मिळून एक फूट उंची असेल तर 1:12 च्या हिशेबाने रॅम्प बारा फूट लांब हवा. चेअरमन चार फुटांत बसवून देतो म्हणाले तर नको म्हणा.

पुण्यात वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरचं नाव लोक सुचवतीलच. 1944 पासूनची संस्था, सैन्याची असली तरी नागरिकांनाही सेवा देते. पण तिची मुख्य ओळख कृत्रिम हातपाय आणि कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, यांची. तुम्हाला आधी मणक्याच्या दुखापतीचं काम करणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारा तज्ज्ञ, हवा. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्जही आत्ताच करून टाका.

मामांचे पैसे वाया जायचे नाहीत. आयआयटी मद्रासमधून आलेली निओफ्लाय ही व्हीलचेअर मापावर बनते आणि पुढे निओबोल्ट हा मोटारीचा भाग जोडून रस्त्यावर नेता येते. तो निर्णय भाऊ स्वतः पलंगावरून खुर्चीत बसायला शिकला की घ्या. तोवर दाराचं, लिफ्टचं आणि भावाच्या कमरेचं माप कळवा, मग सीटच्या रुंदीचं बोलू.