प्राणिशास्त्र मेजर, अर्थशास्त्र मायनर: जमेल, पण प्रॅक्टिकलमधून सूट मागू नका

हर्णैहून एका वडिलांचं पत्र आहे. लेक दापोलीत एफ.वाय.बी.एस्सी.ला. दृष्टी अधू, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 50 टक्के. तिला प्राणिशास्त्र आवडतं आणि बंदरावर मासळीचा भाव कसा ठरतो तेही शिकायचंय. नातेवाईक म्हणतात, दोन डगरींवर हात नको. मायक्रोस्कोप दिसत नाही तर सायन्सच सोड.

नमस्कार. सायन्स सोडू नका. मेजर (मुख्य विषय) प्राणिशास्त्रच ठेवा, कारण पुढे एम.एस्सी.चं दार त्यावरच उघडतं. (एम.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी, वेगळी. तिला साधारणपणे त्याच विषयातली बी.एफ.एस्सी. लागते; हा घोळ बरेच पालक करतात.) राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात मायनर (दुय्यम विषय) दुसऱ्या विद्याशाखेतून घेता येतो. घोडं अडतं ते वेळापत्रकात: प्रॅक्टिकल आणि अर्थशास्त्राचा तास एकाच दुपारी येतो. म्हणून मायनरचा फॉर्म भरण्याआधी दोन्ही विभागप्रमुखांना एकत्र भेटा आणि प्रॅक्टिकलची बॅच बदलून मागा. नाहीच जमलं तर ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतून निवडायचा विषय) अर्थशास्त्रातून घ्या, उरलेलं 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर. पण तिथे नाव नोंदवण्याआधी कॉलेजची लेखी मंजुरी हवी. नंतर नेलेलं सर्टिफिकेट क्रेडिटला धरतीलच असं नाही.

आता मायक्रोस्कोप. आयपीसवर कॅमेरा बसवून स्लाइड मोठ्या स्क्रीनवर पाहता येते. सुरुवातीला मोबाइल धरणारं साधं अडॅप्टरही चालतं. फोकस मात्र तिनेच करायचा. 'हिला प्रॅक्टिकल माफ करू' असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी नको म्हणा, कारण हात बसला नाही तर एम.एस्सी.च्या लॅबमध्ये ती पहिल्या आठवड्यातच अडेल. हीच सोय प्रॅक्टिकल परीक्षेतही मिळावी असा अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच प्राचार्यांना द्या आणि पोच घ्या. बाहेरून आलेल्या परीक्षकाला ऐनवेळी सांगायला गेलात तर तो कागद मागतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. ती तुमची लेक पूर्ण करते. लेखी परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेतला नाही तरी हा वेळ मिळतो, हे कॉलेजांनाही अनेकदा ठाऊक नसतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार आणि एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात तो ऑनलाइन खात्याचा क्रमांक) यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते आजच पाहा.

दोन्ही विषय जोडणारा प्रकल्प तर तुमच्या दारातच आहे. आठवड्यातून एकदा लिलावातल्या 50 बांगड्यांची लांबी मोजायची आणि त्या ढिगाला काय भाव आला ते शेजारी लिहायचं. मोजपट्टीवर दर सेंटिमीटरला खाच पाडली की बोटानेही लांबी कळते. आकडे मोबाइलवर बोलून नोंदवता येतात. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत घ्यायची की शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, ते पहिल्याच दिवशी ठरवा. अर्ध्यात पद्धत बदलली तर आधीचे आकडे वाया जातात. 1 जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते, तेव्हा मोजणी जानेवारीतच सुरू करा.