हाताला कळतं ते कानाला का कळत नाही? प्रेस शॉपमधल्या वडिलांबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांनाही कळेल. वडील ५८ वर्षांचे, नाशिकजवळच्या अंबडला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे जिथे मोठ्या प्रेसखाली पत्रा ठोकून भाग बनवतात तिथे, २६ वर्षं. घरात म्हणतात, "ऐकू येतं रे, पण काय बोलता ते कळत नाही." पण मोटरवर तळहात ठेवला की बेअरिंग गेलंय का, ते अजूनही सांगतात. तू विचारलंयस की कान मंदावले म्हणून हात तल्लख झाला का, आणि हात एवढं काम करतोय तर कानाची तपासणी दिवाळीनंतर केली तर चालेल का.

काका म्हणून विचारलंस, म्हणून काकाच्या हक्काने सांगतो, दिवाळीपर्यंत थांबू नकोस. कारण जरा सविस्तर लिहावं लागेल.

मी सातपूरला टूलरूम (साचे आणि अवजारं बनवायचा विभाग) आणि मेंटेनन्समध्ये ३१ वर्षं काढली. कान गेल्याचं मला मशीनवर कळलंच नाही. आषाढात एकदा घरचे सगळे अंजनेरीला मुक्कामाला होतो. रात्री पाऊस थांबला आणि सून म्हणाली, "बाबा, रातकिड्यांनी नुसता कल्लोळ केलाय." मला तर सगळं शांत वाटत होतं. नातवाने मला अंगणात नेलं, ज्या झुडपातून आवाज येत होता त्याच्यापुढे उभं केलं. पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं, रातकिडा नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता मूळ मुद्दा. हात आणि कान हे एकाच जातीचे कारागीर आहेत. दोघेही हालचाल ओळखतात. पेशीच्या आवरणात बारीक दरवाजे असतात. ते ओढले किंवा ताणले गेले की उघडतात, आत विद्युतभारित कण शिरतात आणि मज्जातंतूला खबर जाते. हलक्या स्पर्शाचा असा एक दरवाजा, पिएझो-२ नावाचं प्रथिन, आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये शोधला आणि २०२१ चं नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळालं. कानातला दरवाजा दुसऱ्या प्रथिनाचा आहे, पण काम तेच.

हाताचं काम टूलरूममध्ये शिकलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ग्राइंडिंगवरून जॉब उतरला की आपण त्यावर बोट टेकवून थांबत नाही, बोट फिरवतो. कडेला बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत धार, राहिली असेल तर नख आडवं ओढतो. हे का करतो? सुमारे ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक पोत स्थिर बोटाला नीट कळतच नाही. बोट हललं की त्या पोताची थरथर होते आणि कातडी ती थरथर वाचते. येवल्याच्या पैठणीचा पोत बघताना आपण पदर चिमटीत धरून बोटं सरकवतो, तेही यासाठीच. हिशेब करून बघ. समजा कापडात दोन धाग्यांमधलं अंतर ०.४ मिलिमीटर आहे आणि बोट सेकंदाला १० सेंटिमीटर सरकतंय. म्हणजे सेकंदाला २५० ठोके, २५० हर्ट्झ. आणि कातडीच्या खालच्या थरात कांद्यासारखे पापुद्रे असलेली, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची जी पॅसिनियन नावाची संवेदकं असतात, त्यांची सगळ्यात जास्त तल्लखी २०० ते ३०० हर्ट्झलाच असते. मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागाएवढी थरथरही त्यांना कळते. आपल्या टूलरूममधलं जाडी मोजायचं हत्यार, मायक्रोमीटर, तिथे केव्हाच थांबलेलं असतं.

बाकीची संवेदकं वेगवेगळी कामं वाटून घेतात. मर्केल कडा आणि आकार सांगतात, माइसनर हलकी फडफड आणि हातातून वस्तू निसटतेय का ते सांगतात, रुफिनी कातडीचा ताण. वडील मोटरवर तळहात ठेवतात तेव्हा मुख्य काम पॅसिनियनचं.

कान म्हणजे हेच तंत्र टोकाला नेलेलं. पडद्यावर हवेचा दाब आपटतो, हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं तो पुढे देतात. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात छोटं हाड. मोठ्या पडद्यावरचा जोर एका छोट्या खिडकीवर एकवटतो, म्हणून दाब वीसेक पट वाढतो. तेवढा वाढवावाच लागतो, कारण पुढे हवा नाही, द्रव आहे. मग येतो गोगलगायीच्या शंखासारखा कॉक्लिआ. अडीच वेढ्यांचा, उलगडला तर साधारण साडेतीन सेंटिमीटर. त्यात लांबीभर पट्टीसारखा पडदा असतो. बारीक, चिरके सूर दाराजवळच्या टोकाला तो हलवतात, खर्जाचे सूर पार आतल्या टोकाला.

हे शोधणारा गेओर्ग फॉन बेकेशी हा हंगेरीतला टेलिफोन इंजिनिअर. त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. त्याचा एक प्रयोग मला सगळ्यात आवडतो. त्याने कॉक्लिआची मोठी प्रतिकृती बनवली, द्रव भरलेली प्लॅस्टिकची नळी आणि तिच्यावर लांबीभर पडदा. माणसाने त्यावर कोपरापासून पुढचा हात ठेवायचा. लाट सगळ्या नळीवरून जायची, पण माणसाला थरथर हाताच्या एकाच छोट्या जागी जाणवायची, आणि सूर बदलला की ती जागा हातावर पुढे-मागे सरकायची. म्हणजे कातडी कानासारखी वाचायला लागली! तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

आता उरलेलं अर्धं. कातडीची धाव साधारण १००० हर्ट्झपर्यंत. त्यापुढे हात मुका. तरुण, निरोगी कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. मिरवणुकीत नाशिक ढोलाचा ठोका छातीत बसतो तो या खालच्या, सामाईक पट्ट्यात. मोटरसुद्धा तिथेच. १४४० आरपीएमची मोटर सेकंदाला २४ फेरे घेते, आणि तिच्यातली विजेची गुणगुण १०० हर्ट्झची. तळहाताला हे सगळं सापडतं.

पण बोलणं? त्यातले स्वर खाली असतात, त्यांना जोर असतो. स, श, फ, त यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत आणि अशक्त. 'स'चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या पुढे. तू "सात" म्हण, "हात" म्हण, "भात" म्हण, वडिलांच्या कानात "आत" एवढंच शिरतं. उरलेलं ते अंदाजाने भरतात. म्हणून आवाज पोचतो, अर्थ पोचत नाही. त्यांना हट्टी म्हणू नकोस, लक्ष देत नाहीत असं म्हणू नकोस. दिवसभर अंदाज बांधून माणूस संध्याकाळी दमतो, हे मी भोगलंय.

कारखान्यातल्या आवाजाचा मार आधी ४००० हर्ट्झच्या आसपासच बसतो. कानाची नळी ३००० च्या आसपासचे सूर आपोआप वाढवून आत सोडते, हे त्याचं एक कारण. कॉक्लिआतल्या पडद्यावर थरथर टिपणाऱ्या केसपेशी असतात, एका कानात सगळ्या मिळून १५ हजारांच्या आसपास. त्यांच्या डोक्यावर गवताच्या पात्यांसारखी कुसळं असतात. आवाजाने ती मोडतात, पेशी मरते आणि माणसात ती पुन्हा उगवत नाही. ८५ डेसिबल ८ तास ही साधारण मर्यादा धरतात. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास, ९१ ला २. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं. प्रेसशेजारी आठ तासांची पाळी म्हणजे काय, ते तूच ठरव. आमच्याकडे कानात घालायचे प्लग स्टोअरच्या कपाटात कुलूपबंद असायचे, तपासणीला कोणी येणार असेल तेव्हा बाहेर निघायचे. याचा राग मला आजही येतो. कारण ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असं नाही. ३०० वर्षांपूर्वी बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने व्हेनिसमधल्या तांबटांबद्दल लिहून ठेवलंय की दिवसभर भांडी ठोकून त्यांचे कान जातात. आपल्या तांबट आळीतल्या जुन्या माणसांशीही मोठ्यानेच बोलावं लागायचं. वडिलांचं निदान आवाजामुळे झालेलं ठरलं, तर ते कामगार कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत बसतं. म्हणून कागद जपून ठेवा.

हात तल्लख झाला का? जन्मापासून बहिऱ्या माणसांत तळहातावरच्या थरथरीला मेंदूचा ऐकण्याचा भाग प्रतिसाद देतो, हे मोजलं गेलंय. पण वयाबरोबर बोटांची संवेदकं कमी होत जातात, आणि ग्राइंडरसारखी थरथरणारी अवजारं वर्षानुवर्षं धरली तर हातही बधिर होतो. वडिलांची कातडी नव्याने धारदार झाली असेल असं मला वाटत नाही. २६ वर्षांचा अनुभव आहे, आणि कान साथ देत नाही म्हणून लक्ष सगळं हातात उतरलंय. ही कमाई मोठीच आहे.

पण तिची किंमत बघ. बेअरिंगमध्ये पहिला ओरखडा पडतो तेव्हा त्याचा आवाज हजारो हर्ट्झच्या पट्टीत असतो. पूर्वी आम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर, आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवून तो पकडायचो. तळहाताला थरथर जाणवते तोवर बेअरिंग बरंच खराब झालेलं असतं. वडिलांचं निदान अजूनही बरोबर येतं, पण पूर्वीपेक्षा उशिरा येतं. कदाचित त्यांनाही ते माहीत असेल.

तो स्क्रू ड्रायव्हरच तपासणीचंही मर्म आहे. ऑडिओमेट्रीत, म्हणजे कानाच्या तपासणीत, आवाज आधी हेडफोनमधून देतात, मग कानामागच्या हाडावर कंपक ठेवून. कागदावर दोन रेषा येतात. हाडाची रेषा चांगली आणि हवेची खाली असेल, तर अडथळा वाटेत आहे. मळ, पडद्याला भोक, किंवा अडकलेली रिकीब. यातलं बरंच दुरुस्त होतं. दोन्ही रेषा जोडीने ४००० ला खड्ड्यात उतरल्या असतील तर केसपेशी गेल्यात. मग श्रवणयंत्र, आणि तेही लवकर, कारण विसरलेली व्यंजनं पुन्हा ओळखायला मेंदूला काही आठवडे लागतात. उशीर केला तर ते जड जातं.

घरी आजपासून एवढं कर. ओरडू नकोस. गेलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण थोडा वाढवला की एकदम बोचतो, म्हणून ते तुझ्यावर चिडतात. समोर उजेडात बस, टीव्ही बंद कर, सावकाश बोल. त्यांना साखरेचा त्रास असेल तर डॉक्टरांना १२८ हर्ट्झचा थरथरणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर लावून बघायला सांग. पायाची थरथर ओळखण्याची ताकद अशी गुपचूप जाते.

आणि एक. सकाळच्या पाळीहून थेट तपासणीला नेऊ नकोस. आवाजात काम केलेला कान काही तास दमलेला असतो, आकडे खोटे येतात. आदला दिवस सुट्टीचा असेल अशी सकाळची वेळ घे, रिपोर्टची प्रत मागून घे आणि त्यावरचे आकडे इथे लिही. दोन्ही रेषा मी बघून सांगतो.