दुखतं हातात, उपचार डोक्यावर

गुहागरहून एक वाचक विचारतात : यजमानांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. आता चालतात-फिरतात, पण डावा हात सारखा भाजतो. सदऱ्याची बाही घासली तरी कळवळतात. हाताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. नातेवाईक म्हणतात, मनाचे खेळ. मुंबईच्या डॉक्टरांनी डोक्याला चुंबक लावायचा उपचार सुचवलाय. हा शॉकच ना?

ताई, हाताचे रिपोर्ट नॉर्मलच येणार, कारण बिघाड हातात नाहीच. संवेदना वाहून नेणारी मेंदूतली वाट पक्षाघाताने दुखावली की मेंदू हातावर नसलेली आग दाखवत राहतो. आग नसली तरी भाजणं मात्र शंभर टक्के खरं असतं. नातेवाइकांना एवढं सांगाच.

आणि हा शॉक नव्हे. शॉकमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. इथे रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो. इंग्रजी आठच्या आकाराचं वेटोळं डोक्यावर धरतात आणि त्यातल्या चुंबकीय ठोक्याने मेंदूच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरात क्षणभर बारीकसा प्रवाह उठतो. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये हे यंत्र दाखवलं. दुखणं डावीकडे, म्हणून ठोके उजवीकडे, हालचालींचा ताबा असलेल्या पट्ट्यावर. या पट्ट्याचा वेदनेशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. जपानच्या त्सुबोकावा यांनी १९९१ मध्ये शस्त्रक्रिया करून तिथे इलेक्ट्रोड ठेवले, तेव्हा पक्षाघातानंतरच्या अशाच वेदना कमी झाल्या. या पट्ट्यातून वेदना दाबणाऱ्या खोलवरच्या केंद्रांकडे तारा जातात, असं मानतात. नेमकी जागा आणि जोर ठरवायला आधी एकेक ठोका देऊन बघतात. जागा सापडली की मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. यजमानांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दचकतील.

पहिल्या दिवशी डोकं थोडं दुखतं. टकटक मोठी असते, म्हणून कानात बोळे. फिट येण्याचा धोका फार कमी, पण आहे. पूर्वी फिट आली असेल, डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लियर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) असेल, तर आधीच सांगा.

आता खरी अडचण. हे रोज वीस-तीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, निदान दोन आठवडे चालतं. गुहागरहून जाऊन-येऊन जमणार नाही. डोंबिवलीला भाऊ-बहीण कोणी असेल तर मुक्कामच ठोका. दुखणं तीस टक्क्यांनी उतरलं तरी आम्ही ते यश धरतो. कुणाला काहीच फरक पडत नाही. ज्यांना पडतो त्यांचाही काही आठवड्यांनी ओसरतो, मग अधूनमधून पुन्हा बसावं लागतं. म्हणून दोन प्रश्न आधीच विचारा : किती बैठकांनंतर फरक नसेल तर थांबायचं, आणि पुढच्या बैठकांचा खर्च किती. प्रिगॅबालिन, अमिट्रिप्टिलीनसारख्या गोळ्या पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस घेऊन झाल्यात का, हेही पाहा. पुष्कळदा त्या आठवड्याभरातच सोडलेल्या असतात.

देवगडहून : आंब्याच्या पेट्या उचलून कंबर गेली. ऑनलाइन डोक्याला करंट देणारं मशीन मिळतं. मागवू का?

नको. त्यात ओल्या स्पंजातून एक-दोन मिलिअँपिअर करंट देतात. तुमच्यासारख्या कंबरदुखीत त्याचा उपयोग होतो, याचा पुरावा कमकुवत. स्पंज सुकला तर कपाळाची कातडी भाजते, ते वेगळंच. ते पैसे फिजिओथेरपीवर घाला आणि पेटी गुडघ्यात वाकून उचला. पायात बधिरपणा किंवा लघवीची तक्रार असेल तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

मालवणहून : मोटरसायकलच्या अपघातात मुलाच्या खांद्याच्या नसा मुळापासून उपटल्या. हात लुळा, तरी त्यात करंट मारल्यासारख्या कळा. मेंदूत तार घालतात म्हणे?

घालतात. कंपवातात ती शस्त्रक्रिया चांगली रुळली आहे; वेदनेसाठी तिचा भरवसा तेवढा नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी आधी दुसरं विचारीन. मुळं मज्जारज्जूत जिथे शिरतात, तिथला बारीक भाग जाळायची एक जुनी शस्त्रक्रिया आहे आणि नेमक्या अशा दुखण्यात ती बऱ्याच जणांना लागू पडते. मज्जारज्जूवर काम करणाऱ्या न्यूरोसर्जनला दाखवा. लुळा हात दुखतो कसा, म्हणून त्याला कुणी खोटारडा ठरवू नये. तुम्ही तर नकोच.

हर्णैहून एका तांडेलांचा प्रश्न : जाळ्यात कधी झटका देणारा मासा येतो. त्याच्या झटक्याने सांधे बरे होतात, असं म्हातारे म्हणायचे. खरं काय?

तुमचे म्हातारे एकटे नव्हते! पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने लिहून ठेवलंय : पायाला गाऊट (सांधे सुजून ठणकण्याचा आजार) झाला तर लाटा येतात त्या ओल्या वाळूवर जिवंत मासा पायाखाली घेऊन उभं राहावं, गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर. जुनाट डोकेदुखीतही तो हाच मासा डोक्याला लावायला सांगे. बधिरपणाने घटकाभर बरं वाटतही असेल. पण यंत्राचा जोर कमी-जास्त करता येतो, माशाचा नाही. छातीत पेसमेकर असेल तर या माशाला हातही लावू नका. सापडला तर काठीने परत पाण्यात ढकला.