कोलन : आतडं की अपूर्णविराम?

प्रश्न असा आहे : आईच्या तपासणीचा इंग्रजी रिपोर्ट मोबाइलवर मराठीत करून पाहिला, तर 'अपूर्णविराम सामान्य आहे' असं उमटलं. ही काय भानगड?

भानगड यंत्राची आहे. रिपोर्टातलं 'कोलन' म्हणजे मोठं आतडं. नेमकं सांगायचं तर त्याचा मुख्य भाग, साधारण दीड मीटर लांबीचा. पाठ्यपुस्तकात 'बृहदांत्र' सापडेल, पण दवाखान्यात तो शब्द मी तरी कधी ऐकला नाही. याच आतड्याच्या शेवटच्या वळणदार भागाला 'सिग्मॉइड' म्हणतात, ते सिग्मा या ग्रीक अक्षरावरून. म्हणजे आतड्यात विरामचिन्ह नसलं तरी एक अक्षर आहेच!

विरामचिन्हाचा 'कोलन' म्हणजे आपला अपूर्णविराम, एकाखाली एक दोन टिंबं. इंग्रजीत स्पेलिंग एकच, म्हणून हा एकाच शब्दाचा अर्थविस्तार वाटतो. पण मुळात हे दोन निराळे ग्रीक शब्द. आतड्याच्या शब्दातला पहिला 'ओ' ऱ्हस्व, चिन्हाच्या शब्दातला दीर्घ. इंग्रजीपर्यंत येता येता तो फरक पुसला गेला. आपण 'दिन' आणि 'दीन' सारखेच लिहू लागलो तर जे होईल, तेच झालं.

खरी गंमत पुढे आहे. त्या दीर्घ 'ओ'वाल्या शब्दाचा अर्थ होता अवयव, हात किंवा पाय. ग्रीक वक्तृत्वशास्त्रात वाक्याच्या एका भागाला हे नाव मिळालं आणि पुढे तो भाग दाखवणाऱ्या चिन्हाला. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही : ओवीला चार 'चरण' असतात, आणि चरण म्हणजे पायच की. थोडक्यात, शरीराशी नातं दोन्ही कोलनांचं आहे.

(कोस्टा रिकाचं चलनही 'कोलोन', पण ते कोलंबसाच्या स्पॅनिश नावावरून. त्याचा इथे संबंध नाही.)

मराठी लिहिताना मात्र कोलनचा घोळ आतड्याशी होत नाही, विसर्गाशी होतो. 'दुःख' लिहिताना विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकला, तर वाचणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही. पण नंतर त्याच मजकुरात विसर्गवालं 'दुःख' शोधायला जा, संगणक म्हणतो, असा शब्दच नाही.