आजोबांचा स्टार कुठला, इटलीचा की बर्माचा?

प्रश्न: आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. आत्या म्हणते इटलीला लढले, चुलते म्हणतात छे, बर्माला, दर दिवाळीला यावरून जुंपते. पत्र्याच्या डब्यात त्यांचे दोन स्टार, म्हणजे युद्धात मिळालेली ताऱ्याच्या आकाराची पदकं आहेत, पार काळे पडलेत. घासून लख्ख करून फ्रेम करायचा विचार आहे. खरं काय ते कळेल का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर: आधी तो ब्रासो खाली ठेवा बरं! भारतीय सैनिकांना दिलेल्या स्टारवर बऱ्याचदा मागच्या बाजूला फौजेतला नंबर (सर्व्हिस नंबर) आणि नाव ठोकलेलं असतं, अक्षरं एवढीशी असतात, घासली की गेलीच. उन्हात तिरकं धरून मोबाईलवर फोटो काढा आणि झूम करून वाचा. पुढे मधोमध गोल पट्टीवर इंग्रजीत इटली स्टार, बर्मा स्टार असं लिहिलेलं असतं, म्हणजे निम्मं भांडण तिथेच मिटलं. दोनातला एक बहुधा १९३९-४५ स्टार निघेल, त्यावरून जागा कळत नाही. रिबीन टिकली असेल तर लाल-पांढरी-हिरवी इटलीची, आणि निळी, मधे लाल पट्टा नि बाजूला नारिंगी ती बर्माची.

नुसतं 'मराठा पलटण' म्हणून भागत नाही हो, कारण १९४४ च्या मार्चमध्ये चौथी बटालियन मणिपुरात सांगशाकला, म्हणजे बर्माच्याच आघाडीवर, जपान्यांशी लढत होती आणि त्याच जुलैत तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यामुळे बटालियन कुठली ते शोधा, डिस्चार्ज बुक किंवा आजीच्या पेन्शनचा कागद घरात कुठेतरी असेलच, ट्रंकेच्या तळाशी बघा. सर्व्हिस नंबर हाती लागला की बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला पत्र टाका, पत्र कसं लिहायचं ते साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. नेटवर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जची यादी आहे पण ती युद्धात गेलेल्यांची, आजोबा घरी परत आले ना, मग तिथे नाव मिळणार नाही.

आणि कागद येईपर्यंत आत्याला बोलतं करा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. 'इटली की बर्मा' असं विचारलंत की ती हट्टाला पेटेल, त्यापेक्षा आजोबा बर्फाचं काही सांगायचे का, की जळवा नि मलेरियाचं, ते विचारा. चुलत्यांनाही हेच विचारा, पण वेगळं बसवून, नाहीतर तुमची दिवाळी तिथेच सुरू.